माळावरचें घर : वाचनाचा एक धडा

जुन्या काळच्या ग्रामीण जीवनाच्या कथा वाचतांना दोन प्रश्न मनांत बाळगावे. त्या घरांतील माणसें पोटासाठीं काय करीत? आणि तें घर कोणाच्या भूमीवर उभें होतें? अमेरिकन लेखिका लॉरा इंगल्स वाइल्डर यांच्या पुस्तकांवरून या प्रश्नांचें महत्त्व चांगलें कळतें.

लॉराबाईंचा जन्म १८६७ सालीं विस्कॉन्सिन प्रांतांतील अरण्यांत झाला. नवी वस्ती करीत पश्चिमेकडे सरकणाऱ्या एका शेतकऱ्याची ही मुलगी. त्यांच्या बाळपणाच्या कथांचें पहिलें पुस्तक वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, १९३२ सालीं निघालें. १९४३ पर्यंत एकंदर आठ पुस्तकें झालीं.

पहिल्या प्रश्नाचें उत्तर त्यांत पानोपानीं आहे. बाप ओंडके तासून घर उभारतो. आई लोणी काढते. टोळधाड उभा गहू फस्त करते. १८८०-८१ च्या हिवाळ्यांत डाकोटांतील त्यांच्या गांवीं हिमवादळांमुळें कित्येक महिने आगगाडीच आली नाहीं. कोळसा संपला, तेव्हां वाळल्या गवताचे पीळ करून जाळले. पीठ संपलें, तेव्हां कॉफी दळण्याच्या लहानशा यंत्रांत घरच्यांनीं आळीपाळीनें गहू दळला. ज्यांनीं घरीं जातें ओढलें आहे, त्यांस हे श्रम समजावून सांगावयास नकोत.

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर मात्र शोधावें लागतें. १८६९ सालीं हें कुटुंब कान्सासच्या माळावर राहावयास गेलें. ती भूमि ओसेज नांवाच्या मूळच्या रहिवाशांसाठीं राखून ठेविलेली होती. गोरे शेतकरी तरीही तेथें घुसले, आणि १८७० च्या कायद्यानंतर ओसेज लोकांसच आपलें स्थान सोडून दक्षिणेस जावें लागलें.

या माळावरच्या मुक्कामाचें पुस्तक १९३५ सालीं निघालें. गोरे लोक त्या मूळच्या रहिवाशांस 'इंडियन' म्हणत. पुस्तकाच्या आरंभीं अशा अर्थाचें वर्णन होतें कीं, त्या प्रदेशांत माणसें नव्हतीं, केवळ इंडियन राहत होते. मग इंडियन हीं माणसें नव्हेत काय? १९५२ सालीं एका वाचकानें पत्र लिहून हा दोष प्रकाशकांच्या नजरेस आणला. लॉराबाईंनीं आपली चूक मोकळ्या मनानें कबूल केली, आणि १९५३ च्या आवृत्तींत 'माणसें' या शब्दाच्या जागीं 'वसाहतवाले' या अर्थाचा शब्द आला. लेखिका प्रेमळ होती, हेतु वाईट नव्हता. तरी एका शब्दानें एक संपूर्ण समाज पुसला गेला होता. आणि तो दोष दाखविला कोणीं? एका साध्या वाचकानें!

मग हीं पुस्तकें टाकून द्यावीं काय? माझ्या मतें नाहीं. त्यांच्या शेजारीं दुसरें पुस्तक ठेवावें. लुईज अर्ड्रिक या ओजिब्वे वंशाच्या लेखिकेनें १९९९ सालीं 'भूर्जाच्या सालीचें घर' या अर्थाच्या नांवाची कादंबरी लिहिली. तिच्यांत १८४७ सालच्या ओमाकायास नांवाच्या ओजिब्वे मुलीची कथा आहे. तिचें घरही विस्कॉन्सिनकडील एका सरोवरांतील बेटावर आहे. तेथेंही कष्ट आहेत, आजीची माया आहे, आणि देवीच्या साथीनें झालेला आकांत आहे. 'माणसें नव्हतीं' असें पूर्वीं वाचलें, आणि आतां ही मुलगी आपणांस भेटते.

पालकांस एवढीच विनंती कीं, मूल असें पुस्तक वाचून मिटील, तेव्हां त्याला विचारावें, "या गोष्टींत कोण बोललें नाहीं?" उत्तर लगेच न आलें तरी चालेल. प्रश्न मनांत राहिला पाहिजे.