लंबक : वस्तू आणि रूपक

मराठी समीक्षेत ‘लंबक’ हा शब्द बहुधा रूपक म्हणूनच येतो. एखादी वाङ्मयीन प्रवृत्ती टोकाला गेली की ‘लंबक आता दुसऱ्या बाजूला झुकला’ असे म्हटले जाते. या रूपकामागील वस्तूचा विचार मात्र क्वचितच होतो. तो येथे करावयाचा आहे.

‘दोला’ म्हणजे झोपाळा. त्याच्याशी नाते सांगणारा ‘दोलायमान’ हा शब्द मनाची अनिश्चितता सुचवितो. लंबकाचा गुणधर्म नेमका याच्या उलट आहे. हेलकावा लहान असेल तर लंबकाचा दोलनकाल गोळ्याच्या वजनावर नव्हे, तर लंबकाची लांबी आणि त्या स्थळीचे गुरुत्वाकर्षण यांवर अवलंबून असतो. ख्रिस्तिआन हायगेन्सने १६५६ मध्ये लंबकाचे घड्याळ सिद्ध केले, ते या नियमिततेच्या बळावर. म्हणजे झोपाळा संशयाचे, तर लंबक अटळ परतीचे रूपक ठरते.

ना. सी. फडके आणि वि. स. खांडेकर यांच्या नावांशी जोडला गेलेला कलावाद-जीवनवादाचा वाद या रूपकात बसू शकतो. कारण दोन्ही पक्षांचा वाचकवर्ग, आणि म्हणून टांगणबिंदू, बव्हंशी एकच होता. परंतु १९६३ मध्ये बाबुराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला, तेव्हा ‘लंबक वास्तवाकडे झुकला’ असे म्हणणे पुरेसे ठरत नाही. तसे म्हटल्यास दलित साहित्य हे पूर्वीच्या साहित्याची केवळ प्रतिक्रिया ठरते. आंबेडकरी चळवळीतून आलेली त्याची स्वतंत्र प्रेरणा दृष्टीआड होते. शिवाय लंबक परतणारच, असेही त्यात नकळत गृहीत धरले जाते.

वस्तुतः लंबकाचा इतिहासच या सुलभीकरणाला छेद देतो. १६७२ मध्ये झां रिशे याने पॅरिसहून विषुववृत्ताजवळील केयेन येथे नेलेले घड्याळ दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. लंबक तोच होता. स्थळ बदलले होते. १८५१ मध्ये फूकोने पॅरिसच्या पॅन्थिऑनमध्ये ६७ मीटर लांबीच्या तारेने लंबक टांगला. त्याच्या हेलकाव्याची दिशा हळूहळू वळताना दिसे. प्रत्यक्षात फिरत होती ती खालची भूमी.

तेव्हा हे रूपक सर्वस्वी टाकून देण्याचे कारण नाही. मात्र ते योजताना हेलकाव्याच्या दोन टोकांबरोबरच तो कोठून टांगला आहे आणि त्याखालची भूमी स्थिर आहे काय, हे प्रश्नही अभ्यासकाने विचारले पाहिजेत.