फाटक बंद आहे : उपनगरातील रस्ता आणि रेल्वे यांचा वाद

(द्वितीय वर्ष, कला)

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाला पत्ता विचारला, तर तो गावाच्या नावाला लागूनच ‘पूर्व’ किंवा ‘पश्चिम’ सांगतो. मुलुंड पूर्व, घाटकोपर पश्चिम, अंधेरी पूर्व, बोरिवली पश्चिम. ही नावे दिशांवरून पडली असली, तरी त्यांच्यामधली सीमा आखली ती रेल्वेच्या रुळांनी. या सीमेवर जिथे जिथे फाटक आले तिथे तिथे वाद आला. गाडी आधी की माणूस आधी, हा तो वाद होय. त्यात कोणाची बाजू कितपत खरी आहे आणि कोणाचा हिशेब राहून जातो, हे तपासण्याचा प्रयत्न या लेखात केला आहे.

वादाचे मूळ

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली, तेव्हा घाटकोपर, भांडुप, मुलुंड ही खेडी होती. अशा ठिकाणी वाट आणि रूळ एकाच पातळीवर मिळाले तरी कोणाचे फारसे अडत नव्हते. दिवसाकाठी गाड्या थोड्या, बैलगाड्याही थोड्या. पुढे रेल्वे आली म्हणून वस्ती वाढली, आणि वस्ती वाढली म्हणून गाड्या वाढल्या. इतर ठिकाणी गावाच्या अंगावर रेल्वे आली असेल. आपली उपनगरे मात्र रेल्वेच्या अंगाखांद्यावर वाढली. म्हणूनच हा वाद दोन शत्रूंचा नसून एकाच घरातला आहे.

फाटकाची रीत समजून घेतली की वादही समजतो. सिग्नलशी जोडलेले फाटक पुरते बंद होऊन त्याला कुलूप बसल्याखेरीज गाडीला हिरवा सिग्नल मिळत नाही. फाटक उघडे असेपर्यंत गाडी उभी, आणि फाटक बंद असेपर्यंत रस्ता उभा. सकाळ-संध्याकाळ दोन्ही दिशांनी लोकलमागून लोकल येत असली, की गेटमनने फाटक उघडावे तरी कधी? उघडले आणि एखादी रिक्षा मध्येच अडकली, तर मागच्या साऱ्या गाड्यांचे वेळापत्रक कोलमडते. ठाण्यापलीकडच्या दिवा येथील फाटकामुळे गाड्या रखडतात, असे मध्य रेल्वे वर्षानुवर्षे सांगत आली. २ जानेवारी २०१५ रोजी त्याच दिव्यात उशिराने त्रासलेल्या प्रवाशांनी रूळ अडवले आणि मोठा उद्रेक झाला. फाटकाशी ताटकळणारा आणि लोकलमध्ये लोंबकळणारा हे बहुधा एकाच वस्तीतले, पुष्कळदा एकाच घरातले असतात. मी स्वतः लोकलने महाविद्यालयात येते. गाडी विनाकारण थांबली की मीही चरफडते. रेल्वेची बाजू खोटी आहे, असे म्हणण्याचे धाडस मला होणार नाही.

रूळ एकाचे, रस्ता दुसऱ्याचा

राज्यशास्त्राच्या तासाला आपण संघसूची आणि राज्यसूची पाठ करतो. परीक्षा झाली की विसरतो. पण रेल्वे संघसूचीत आहे, आणि रस्ते व पूल राज्यसूचीत, ही गोष्ट फाटकापाशी उभे राहिल्यावर पुस्तकाबाहेर येते. रुळांवरचा पुलाचा तुकडा रेल्वेने पाहायचा आणि दोन्हीकडचे चढ महानगरपालिकेने, अशी कामाची वाटणी होते. दोन धन्यांचा पूल कसा रखडतो, याची उदाहरणे आपल्या डोळ्यांदेखत घडली आहेत.

विक्रोळीचे फाटक बंद झाल्यावर गाड्यांना पूर्वेकडून पश्चिमेला जाण्यासाठी मोठा वळसा पडू लागला. लालबहादूर शास्त्री मार्ग आणि पूर्व द्रुतगती महामार्ग यांना जोडणारा तेथील ६१५ मीटर लांबीचा पूल १४ जून २०२५ रोजी खुला झाला. त्याचे काम २०१८ साली सुरू झाले होते. तेव्हा शाळेत जाऊ लागलेले मूल पूल होईपर्यंत माध्यमिक शाळेत पोचले असेल.

अंधेरीचा गोखले पूल हे दुसरे उदाहरण. ३ जुलै २०१८ रोजी त्याचा एक भाग रुळांवर कोसळला आणि दोन जीव गेले. पुलाची देखभाल नेमकी कोणाची, यावर रेल्वे आणि पालिका यांनी एकमेकांकडे बोट दाखवले. नोव्हेंबर २०२२ मध्ये पूल पाडण्यासाठी बंद झाला. २६ फेब्रुवारी २०२४ रोजी नव्या पुलाची एक बाजू उघडली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल आणि नवा पूल यांच्या उंचीत दीड-दोन मीटरचा फरक पडल्याचे साऱ्या शहराने पाहिले. पुढे ते दोन्ही जोडले गेले, आणि ११ मे २०२५ रोजी पूल पूर्णपणे खुला झाला. २०१८ साली कोसळला तो भाग माणसांनी चालण्याचा होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

मोजमापात न येणारा माणूस

फाटकाच्या जागी पूल हवा की नको, हे ठरवण्यासाठी रेल्वेकडे एक गुणाकार आहे. चोवीस तासांत जाणाऱ्या गाड्यांची संख्या गुणिले रस्त्यावरील वाहनांचे एकक. त्यात मोटार किंवा बैलगाडी म्हणजे एक, रिक्षा म्हणजे अर्धा, सायकल किंवा मोटारसायकल म्हणजे पाव. हा गुणाकार एक लाखावर गेला की रेल्वे व राज्य यांनी निम्मा-निम्मा खर्च वाटून घेऊन पूल बांधण्यास ते फाटक पात्र ठरते. समजा एखाद्या मार्गावर दिवसाला हजार गाड्या जातात. तेथे शंभर मोटारी आल्या तरी लाख भरतात. पण त्याच फाटकातून दहा हजार माणसे पायी गेली, तर? पायी चालणारा या एककात कुठेच नाही. शून्याला हजाराने गुणले तरी उत्तर शून्यच.

मला हे वाचून माझी आई आठवली. आमच्या घरातून महाविद्यालयात आलेली मी पहिलीच. आई शाळेत गेलेली नाही. आमचे घर घाटकोपर पश्चिमेला असल्फ्याच्या डोंगरावर, आणि तिची धुण्याभांड्याची घरे पूर्वेला गारोडिया नगरकडे. सकाळची कामे, दुपारी घरी स्वयंपाक, पुन्हा संध्याकाळची कामे, म्हणजे दिवसातून चार वेळा ती रुळांवरच्या पुलाचे जिने चढते नि उतरते. रात्री गुडघ्यांना तेल चोळताना ती पायऱ्यांचा हिशेब सांगते. पण तो कोणत्याही कागदावर नाही.

मोटारीला पूल म्हणजे दोन-चार मिनिटांचा चढ. पायी चालणाऱ्याला तोच पूल म्हणजे अर्धा किलोमीटरहून लांब वाट, डोक्यावर ऊन आणि बाजूला धूर. भुयारी मार्ग म्हणावा, तर अंधेरी सबवे आणि मिलन सबवे मोठ्या पावसात तुंबतात आणि बंद ठेवावे लागतात. मग माणूस जवळची वाट पाहतो आणि रुळांत उतरतो. रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाप्रमाणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. त्याहून मोठी शिक्षा रूळच देतात. २०२२, २०२३ आणि २०२४ या तिन्ही वर्षांत मुंबईच्या उपनगरी मार्गांवर रूळ ओलांडताना हजाराहून अधिक माणसे मेली. त्यांना नुसते ‘बेशिस्त’ म्हणून मोकळे होणे सोपे आहे. पण जवळची सुरक्षित वाट कुठे होती, हा प्रश्नही विचारायला हवा.

इतर देशांत

हा वाद आपल्यापुरता नाही. अमेरिकेत लांबच लांब मालगाड्या फाटकावरच उभ्या राहतात. शिकागोजवळच्या हॅमंड गावात शाळेची मुले थांबलेल्या डब्यांखालून सरपटत पलीकडे जातात, हे २०२३ साली वृत्तपत्रांनी छायाचित्रांसह दाखवले. ओहायो राज्याने फाटक पाच मिनिटांहून अधिक अडवू नये असा कायदा केला होता. पण रेल्वे हा केंद्राचा विषय, म्हणून राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली तो रेल्वे कंपनीला लागू होत नाही असे ठरवले. त्रास गावाला आणि अधिकार दूरच्या राजधानीला, हे चित्र आपल्याला अनोळखी नाही.

जपानमध्ये मात्र एक निराळी दृष्टी दिसते. गर्दीच्या एका तासात ४० मिनिटे किंवा त्याहून अधिक काळ बंद राहणाऱ्या फाटकाला तेथे ‘न उघडणारे फाटक’ असे सरकारी नावच आहे. शिवाय पायी चालणाऱ्यांची संख्या तेथे वेगळी मोजतात. मोजमाप वेळेचे असले की मोटारवाला आणि चालणारा एका रांगेत येतात, कारण दोघांचाही तास साठ मिनिटांचाच असतो.

समारोप

फाटके जावीत, याबद्दल दुमत नसावे. लोकल वेळेवर धावायची असेल आणि अपघात टळायचे असतील, तर दुसरा उपाय नाही. मागणी एवढीच, की फाटकाला कायमचे कुलूप लावण्याआधी त्याच जागी चालणाऱ्यांसाठी उतरण, उद्वाहक आणि दिवे असलेली वाट तयार व्हावी. वाहनांचा पूल मागाहून आला तरी चालेल. चालणाऱ्याची वाट आधी व्हावी. त्यासाठी प्रथम चालणारा मोजला गेला पाहिजे. हे काम आपण विद्यार्थीही करू शकतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलामुलींनी एक दिवस आपल्या स्टेशनजवळच्या पुलावर वही घेऊन उभे राहावे. किती माणसे गेली, किती म्हातारी होती, किती जणांच्या डोक्यावर ओझे होते, हे लिहावे आणि तो कागद नगरसेवकाकडे व रेल्वेच्या कचेरीत द्यावा. ज्यांची नोंद कोणी ठेवली नाही, त्यांची नोंद ठेवणे हाही शिक्षणाचाच एक उपयोग आहे, असे मला वाटते.