वैमानिक होऊ पाहणाऱ्या मुलांच्या पालकांस

आंजी (मोठी) सारख्या, कापूस-सोयाबीनच्या भावावर सालाचा जमाखर्च बसविणाऱ्या गावातील एखाद्या कास्तकाराच्या मुलीने बारावीनंतर वैमानिक होण्याचा मनसुबा बोलून दाखविला, म्हणजे घरात पहिला प्रश्न उपस्थित होतो तो पैशाचा व दुसरा जिवाच्या धास्तीचा. परंतु एकच कृती रोज त्याच क्रमाने व तितक्याच दक्षतेने करण्याचा हिला कंटाळा तर येणार नाही ना, हा खरा कळीचा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही.

सेस्ना 152 हे दोन आसनांचे, पिस्टन इंजिनाचे विमान घ्या. प्रशिक्षणार्थी त्याच्याकडे जातो तो तपासणीची यादी हाती घेऊनच. टाकीच्या तळाचे थोडे इंधन पारदर्शक पेल्यात काढून, त्यात पाणी वा गाळ नाही आणि त्याचा निळसर रंग कायम आहे, अशी तो खातरजमा करतो. तेलाची पातळी पाहतो. इंधनाच्या काट्यावर विसंबून न राहता टाकीचे झाकण उघडतो. इंजिन सुरू केल्यावर, उड्डाणापूर्वी त्याचे फेरे मिनिटास 1700 वर नेऊन ठिणगी पुरविणारे दोन्ही मॅग्नेटो आळीपाळीने तपासावयाचे असतात. एकावर चालविताना फेरे 125 हून अधिक उतरले, किंवा दोहोंतील तफावत 50 हून अधिक निघाली, तर उड्डाण रहित! तेथे हौस, घाई किंवा भरलेली फी, कोणाचीही वकिली चालत नाही, आणि धास्तावलेल्या आईबापांना याहून मोठा दिलासा मला तरी ठाऊक नाही.

आपल्या वऱ्हाड-नागपुराकडील उन्हाळाही या हिशेबात धरावा लागतो. नागपूरचा विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे 315 मीटर उंच; पण पारा 45 अंशांवर गेला की तेथील हवा जवळजवळ दीड हजार मीटर उंचीवरील हवेइतकी विरळ होते, इंजिनाचा जोर घटतो आणि धावपट्टी अधिक लागते. हे गणित उड्डाणापूर्वी कागदावर मांडावयाचे असते. भौतिकशास्त्र व गणित या विषयांसह बारावीची अट आहे ती उगीच नव्हे.

व्यावसायिक परवान्यासाठी वयाची 18 वर्षे पूर्ण, 200 तासांचे उड्डाण, आणि हवामान, दिशानिर्णय, हवाई नियम आदी विषयांत 70 टक्के गुण लागतात. प्रशिक्षणासाठी दूर देशी जाण्याचे कारण नाही. नागपूरचा फ्लाइंग क्लब व गोंदियानजीक बिरसी येथील संस्था विदर्भातच आहेत. खर्च मात्र अनेक लाखांच्या घरात जातो, आणि परवाना मिळाला म्हणजे नोकरी मिळालीच असे नव्हे. मोठ्या विमानाचे प्रशिक्षण निराळे व त्याचा खर्चही निराळा.

म्हणून पालकांस विनंती एवढीच, की वावर गहाण टाकण्यापूर्वी किंवा कर्जाची दरखास्त करण्यापूर्वी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या वैद्यकांकडून दुसऱ्या व नंतर पहिल्या वर्गाची आरोग्य तपासणी करवून घ्यावी, आणि तो दाखला हाती पडेपर्यंत कोणत्याही संस्थेस एक पैसाही देऊ नये.