‘सेंट्रल स्टेशन’ : लिहिता येणाऱ्याची जबाबदारी

दोन पिढ्यांतील मैत्री हा चित्रपटसृष्टीचा आवडता विषय होय. एक एकाकी वृद्ध, एक पोरके मूल, आरंभीचा दुरावा, मग एकत्र प्रवास आणि शेवटी डोळ्यांत पाणी, असा त्याचा साचाच ठरून गेला आहे. आमच्या महाविद्यालयाच्या चित्रपट मंडळाने यंदा दाखविलेला ‘सेंट्रल स्टेशन’ (१९९८) हा वॉल्टर सॅलेस यांचा ब्राझिलियन चित्रपट वरवर पाहता याच साच्यातला वाटतो. परंतु या मैत्रीच्या मुळाशी असलेला प्रश्न मायेचा नसून अक्षराचा आहे, असे मला वाटते. त्याच दृष्टीने या चित्रपटाचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

डोरा ही निवृत्त शिक्षिका. रिओ दि जानेरोच्या मुख्य रेल्वेस्थानकात टेबल मांडून ती निरक्षरांची पत्रे लिहून देते. मुंबईच्या जनरल पोस्ट ऑफिसबाहेर पत्रे व मनीऑर्डरचे फॉर्म लिहून देणारे जसे बसत, तसाच हा धंदा. लोक येतात, मनातले सांगतात, पैसे देतात. डोरा मात्र ती पत्रे घरी नेते, शेजारीण इरेनी हिच्याबरोबर वाचून त्यांना हसते, काही फाडते, काही खणात टाकते. कोणते पत्र पोचण्याच्या लायकीचे, हे तीच ठरविते.

आना नावाची बाई आपला नऊ वर्षांचा मुलगा जोसुए याला घेऊन येते व दूर राहणाऱ्या नवऱ्याला पत्र लिहविते. पुढे स्थानकाबाहेर बसखाली सापडून ती मरण पावते. मुलगा उघड्यावर पडतो. डोरा त्याला घरी नेते खरी, पण दत्तकाच्या नावाखाली मुले घेणाऱ्या माणसांना त्याला विकते आणि त्या पैशांतून टीव्ही आणते. इरेनीने कानउघाडणी केल्यावर दुसऱ्या दिवशी ती त्याला सोडवून आणते आणि मग दोघांचा ईशान्य ब्राझीलकडे, मुलाच्या बापाच्या शोधात, प्रवास सुरू होतो.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. जोसुएचा डोरावर पहिल्यापासून विश्वास नाही. आईचे पत्र ही बाई खरोखर टाकील का, हा संशय त्याच्या नजरेत सतत असतो. इतर गिऱ्हाइके पैसे देऊन निर्धास्त निघून जातात. जाब विचारणारा हा एकटा. माझ्या मते मैत्रीचे बीज या संशयातच आहे. ज्याने तिला ओळखले, त्याच्याच नजरेत चांगले ठरण्याची गरज डोराला वाटू लागते. मूल गोड आहे म्हणून म्हातारी पाघळली, इतकी सोपी ही कथा नाही.

निरक्षरांचे हे परावलंबन ब्राझीलच्या इतिहासातही खोल गेलेले आहे. तेथे निरक्षरांना मताचा हक्क १९८५ च्या घटनादुरुस्तीने मिळाला. आपल्याकडे १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीतच, अंगठा उठविणाऱ्यालाही पेटीवरचे चिन्ह पाहून तीत मतपत्रिका टाकता आली होती. ज्या ईशान्य भागाकडे डोराची बस जाते, त्याच भागातील आंजिकोस गावी १९६३ साली पाउलो फ्रेइरी या शिक्षणतज्ज्ञांनी सुमारे ३०० कष्टकऱ्यांना सुमारे ४० तासांत वाचायला शिकविण्याचा प्रयोग केला होता. त्या काळी वाचता येणे म्हणजे मतदार होणे होते. १९६४ च्या लष्करी सत्तांतरानंतर फ्रेइरींना तुरुंगवास व पुढे देशत्याग पत्करावा लागला. अक्षर ही सत्ता आहे, हे राज्यकर्त्यांनाही ठाऊक होते आणि डोरालाही ठाऊक आहे.

प्रवासात पैसे संपतात. एका यात्रेच्या गर्दीत डोरा मूर्च्छित पडते. तेव्हा यात्रेकरूंची पत्रे लिहून पैसे मिळविण्याची युक्ती जोसुएच काढतो. गिऱ्हाइकांना हाकाही तोच मारतो. काम तेच, टेबल तेच. पण आता शेजारी ते मूल उभे आहे.

अखेरीस जोसुएचे सावत्र भाऊ सापडतात. बाप मात्र आनाच्या शोधात निघून गेलेला असतो. त्याने तिच्यासाठी लिहून ठेवलेले पत्र थोरला भाऊ डोराला वाचायला देतो. पत्रात बायकोचे व दोन मुलांचे नाव आहे. डोरा क्षणभर थांबते, जोसुएकडे पाहते आणि त्याचेही नाव वाचते.

या प्रसंगी प्रश्न पडतो, की हीसुद्धा फसवणूकच नव्हे काय? ऐकणाऱ्यांना ती पडताळता येत नाही, हे तर पहिल्यासारखेच आहे. परंतु पूर्वी ती दुसऱ्याचे शब्द कमी करीत होती. आता जो शब्द राहून गेला तो भरून काढते.   तरीही दिग्दर्शकाने हा प्रश्न पूर्ण मिटविलेला नाही आणि ते योग्यच आहे. पहाटे डोरा निघते तेव्हा बापाच्या पत्राशेजारी, कधीही न टाकलेले आनाचे पत्र ठेवून जाते. उशिरा का होईना, ते पत्र पोचते. बसमध्ये बसून ती जोसुएला स्वतःचे पत्र लिहिते.

फर्नांदा मोंतेनेग्रो यांनी डोरा कोठेही गोड होऊ दिलेली नाही. बर्लिन महोत्सवात चित्रपटाला सुवर्ण अस्वल व त्यांना अभिनयाचे रौप्य अस्वल मिळाले, ते सार्थच होय. जोसुए झालेला विनिसियस दि ओलिव्हेरा हा विमानतळावर बूटपॉलिश करणारा मुलगा होता. त्याचा रोखठोकपणा शिकविलेला वाटत नाही.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. आमच्या गल्लीत कोणी बँकेचे पत्र आणते, कोणी रेशनकार्डाचा अर्ज, आणि ‘बघ गं, काय लिहिलंय?’ म्हणून कागद पुढे करते. दोन पानांचा कागद वाचणारा दोन वाक्यांत सांगून मोकळा होऊ शकतो. ऐकणाऱ्याला ते कळायचे नाही. माझ्यासारखे कितीतरी विद्यार्थी या महाविद्यालयात आहेत. घरातले सारे आपल्या शिक्षणाचे कौतुक करतात, पण जाब विचारीत नाहीत. विचारण्याची सोयच त्यांच्याजवळ नाही. म्हणून प्रत्येक शिकलेल्याला एक जोसुए हवा. तो न भेटल्यास त्याचे काम आपल्यालाच करावे लागेल. कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवावा, आणि जमल्यास ती ओळ ऐकणाऱ्याला स्वतः वाचायला शिकवावी.