आधी विचारपूस
श्रीगुरुचरित्र, अध्याय १३ आणि १७ : एका गृहस्थाचा अभ्यास

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



मी कीर्तनकार नाही की शास्त्री नाही. बी. कॉम. झालो आणि ३५ वर्षं बँकेत कारकुनी केली. त्यामुळे या लेखात पांडित्य सापडणार नाही. पोथी वाचता वाचता जे उमगलं आणि अंगावर आलेल्या प्रसंगाने जे शिकवलं, तेवढंच आपल्यापुढे ठेवतो. जयंती अंकाच्या वाचकांत माझ्या वयाचे गृहस्थ आणि माताभगिनी पुष्कळ आहेत. प्रत्येकाच्या घरात नाहीतर नात्यात एखादा माणूस असा असतोच, की ज्याचं दुखणं तपासणीच्या रिपोर्टात दिसत नाही. त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

तेराव्या अध्यायातला ब्राह्मण

कथा आपल्या सर्वांना माहीत आहे. श्रीनृसिंहसरस्वती स्वामी महाराज गोदावरीकाठी वासर क्षेत्री आलेले असताना एक ब्राह्मण नदीत जीव द्यायला निघालेला त्यांच्या दृष्टीस पडतो. त्याला पोटशूळ. अन्न पोटात गेलं की असह्य वेदना, म्हणून तो जेवणच टाळत आलेला. अन्नावाचून जगता येत नाही आणि अन्न खाल्लं तर सोसवत नाही, अशी त्याची कोंडी.

आता महाराजांनी काय केलं ते क्रमाने पाहू. पहिलं, शिष्यांना पाठवून त्याला पाण्याबाहेर आणवलं. दुसरं, त्याला विचारलं, असं का करतोस? तिसरं, त्याचं सगळं ऐकून घेतलं. चौथं, तुझ्या व्याधीवर औषध आहे, भिऊ नकोस, असा धीर दिला. आणि पाचवं, तेवढ्यात दर्शनाला आलेल्या सायंदेवाला सांगितलं, की याला घरी नेऊन जेवू घाल. सायंदेव घाबरला. हा जेवला आणि काही बरंवाईट झालं तर पाप माझ्या माथी, असं त्याने बोलूनही दाखवलं. महाराजांनी त्याची भीती काढली. मग सायंदेवाच्या घरी सर्वांबरोबर पंगतीत बसून तो ब्राह्मण जेवला आणि बरा झाला.

आपण पारायणात 'बरा झाला' या टोकाला पटकन पोचतो. चमत्कार आहेच, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण आधीच्या पाच पायऱ्यांवर मी कित्येक वर्षं थांबलोच नव्हतो. थांबायची वेळ माझ्यावर कशी आली ते सांगतो.

माझं दुखणं

१९९६ सालची गोष्ट. मी एका तालुक्याच्या गावी शाखेत कॅशियर होतो. वय ३८. बाजाराचा दिवस होता, काउंटर नुकतंच उघडलं होतं. तोंडाला फडकी बांधलेले तिघं आत शिरले. एकाने माझ्या कानशिलाला कट्टा लावला. दुसऱ्याने दारातल्या शिपायाच्या डोक्यात लोखंडी गज घातला. शिपाई माझ्यापासून चार हातांवर पडला होता, फरशीवर रक्त पसरत होतं आणि मी जागचा हललो नाही. ड्रॉवरमधली रक्कम मुकाट्याने काढून दिली. सगळं मिळून चार-पाच मिनिटांत आटोपलं.

शिपाई वाचला, डोक्याला टाके पडले. रक्कम पुढे विम्यातून भरून निघाली. माझ्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता. सगळे म्हणाले, "महाराजांनी राखलं." मीही तेच म्हणत होतो.

पण रात्री झोप येईना. डोळा लागला की तीच फरशी दिसायची. शटरचा आवाज झाला की छातीत धडधड सुरू. उन्हासाठी तोंडाला रुमाल बांधलेला कोणी काउंटरशी आला की हात थरथरायचे, नोटा मोजताना चूक व्हायची. संध्याकाळी कॅश टॅली होईना, दोन-तीनदा तूट खिशातून भरली. चौकशीत तोच प्रसंग चार वेळा लिहून द्यावा लागला. एक सहकारी थट्टेने म्हणाला, "एवढं दिलंस, वाटा किती मिळाला?" तो विसरला असेल, मी विसरलो नाही. घरी मुलांवर ओरडायचो, मग कोपऱ्यात जाऊन बसायचो. सर्वांत जास्त खात होती ती लाज. शिपाई पडला तेव्हा मी का हललो नाही?

आईने दृष्ट काढली. कोणी म्हणालं बाधा आहे, कोणी दोरा आणून बांधला. मी गुरुचरित्राचा सप्ताह धरला. पण आरतीत नगारा वाजला की दचकून उठायचो. सप्ताह कसाबसा पुरा केला आणि मनाने घेतलं, की आपली श्रद्धाच खोटी. आधी भीतीचं ओझं होतं, त्यात आता महाराजांनी टाकल्याचं ओझं आलं.

दोन वर्षं अशी गेली. एके दिवशी घरी काही न सांगता औदुंबरला गेलो. घाटाच्या खालच्या पायरीवर किती वेळ बसलो होतो कोण जाणे. मनात काय होतं ते इथे लिहीत नाही, वाचणाऱ्याने समजून घ्यावं. महाप्रसादाच्या सेवेतले एक गृहस्थ खाली आले आणि म्हणाले, "मामा, सकाळपासून बघतोय तुम्हाला. जेवलात का? काय झालंय?" मला रडूच फुटलं. ते शेजारी पायरीवर बसले, मला बोलू दिलं, एका शब्दाने मध्ये बोलले नाहीत. नंतर हाताला धरून पंगतीत नेऊन बसवलं आणि माझ्याकडून नंबर घेऊन घरी फोन लावला. त्यांचं नाव विचारायचंही मला सुचलं नाही.

घरी आल्यावर तेराव्या अध्यायाचं पान उघडलं. आधी बाहेर काढलं, मग विचारलं, ऐकलं, धीर दिला, पंगतीत बसवलं. त्या दिवशी घाटावर माझ्या बाबतीत याच क्रमाने सगळं घडलं होतं.

देवीने दुसरीकडे पाठवलं

आता सतरावा अध्याय. करवीरचा एक पोरका मुलगा, मतिमंद म्हणून लोक त्याला हिणवतात. तो भिलवडीला भुवनेश्वरीच्या देवळात उपाशी बसतो. देवी प्रसन्न होईना तेव्हा जीभ कापून वाहतो आणि आता शिरही वाहीन म्हणतो. देवी त्याला स्वप्नात सांगते, की कृष्णेच्या पैलतीरी औदुंबराखाली एक अवतारी पुरुष आहेत, त्यांच्याकडे जा. तो जातो, श्रीगुरू मस्तकावर हात ठेवतात आणि त्याला वाचा आणि विद्या दोन्ही मिळतात.

इथे देवीने काय केलं पाहा. साक्षात जगदंबा, तिला काय अशक्य होतं? तरीही तिने त्याला नदीपलीकडे पाठवलं. 'माझ्या दारी आलास, आता दुसरीकडे जाऊ नकोस' असं ती म्हणाली नाही. आणि पलीकडे गेल्याने त्या मुलाची देवीवरची भक्ती कमी ठरली, असंही पोथीत कुठे नाही.

माझे मेहुणे मिरजेला औषधांच्या दुकानात होते. त्यांनी मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. मी आधी म्हणालो, "मी काय वेडा आहे?" तेव्हा आमच्या हिने हाच अध्याय माझ्यापुढे ठेवला. म्हणाली, "देवीने पाठवलं तर तो मुलगा गेला ना? तुम्ही का अडून बसलाय?"

डॉक्टरांचं पहिलं वाक्य होतं, "काय झालं ते सावकाश सांगा." पाऊण तास त्यांनी ऐकलं. मग म्हणाले, "जिवावरचा प्रसंग आला की मेंदू गजराची घंटा वाजवतो. प्रसंग संपल्यावर ती बंद व्हायला पाहिजे. तुमची बंद झालेली नाही. हा आजार आहे, भित्रेपणा नाही." या आजाराला पीटीएसडी म्हणतात, आघातानंतरचा तणाव. जिवावरच्या प्रसंगात काही माणसं पळतात, काही झुंजतात आणि काही जागीच गोठतात, तो शरीराचा निर्णय असतो, असंही त्यांनी समजावलं. दोन वर्षांत पहिल्यांदा मला मोकळा श्वास घेता आला.

गोळ्या सुरू झाल्या. गुण दिसायला काही आठवडे लागतात आणि बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायच्या नाहीत, हे त्यांनी बजावलं होतं. दर आठवड्याला बोलणं असायचं. घडलेला प्रसंग पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगायचा, पुन्हा सांगायचा. बँकेतल्या माणसाला समजेल असं सांगतो. ज्या रकमेचा ठावठिकाणा लागत नाही ती सस्पेन्स खात्यात पडून राहते आणि रोज ताळेबंदात डोकं वर काढते. तिचं व्हाउचर सापडलं की ती आपल्या खात्यात जाते. रक्कम नाहीशी होत नाही, पण मग त्रासही देत नाही. माझ्या आठवणीचं तसंच झालं.

नंतर पायरीपायरीने भीतीला सामोरं जायला लावलं. आधी शाखेसमोरच्या रस्त्यावर उभं राहायचं, मग आत बाकावर बसायचं, मग कॅशच्या काउंटरवर. दीड वर्ष लागलं. शेवटी धीर करून त्या शिपायाच्या घरी गेलो आणि माफी मागितली. तो म्हणाला, "साहेब, तुम्ही हलला असता तर दोघंही गेलो असतो. मीच तुमच्याकडे यायचं म्हणत होतो." चहा घेतला आणि दोघंही बराच वेळ गप्प बसलो.

पूर्ण बरा झालो असं म्हणणार नाही. २०२० साली सगळं जग मास्क लावून फिरू लागलं तेव्हा जुनी धडधड परत आली. पण या वेळी ती काय आहे ते ओळखीचं होतं. आठवड्याच्या आत डॉक्टरांना फोन केला आणि निभावलं.

आपण काय करावं

या दोन अध्यायांतून गृहस्थाने घ्यायचा धडा मला असा दिसतो :

१. आधी विचारा. 'विसरून जा', 'मन घट्ट कर', 'लोकांवर याहून मोठी संकटं येतात' ही वाक्यं प्रेमाने म्हटली तरी समोरच्याचं तोंड बंद करतात. 'काय होतंय तुला?' एवढं विचारून गप्प बसावं.

२. अपघात, पूर, जवळच्याचा अकाली मृत्यू, मारहाण, अत्याचार, यांनंतर काही दिवस झोप उडणं आणि रडू येणं स्वाभाविक आहे. पण महिना उलटूनही तेच प्रसंग डोळ्यांपुढे येत असतील, माणूस दचकत असेल, घराबाहेर पडायचं टाळत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं.

३. जगण्यात अर्थ नाही असं कोणी बोललं तर ते टाळू नका. जीव देण्याचा विचार येतो का, असं सरळ विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, उलट मन हलकं होतं. त्या माणसाला एकटं सोडू नका आणि उपचारापर्यंत सोबत जा. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक रात्रंदिवस चालतो, पैसे लागत नाहीत, मराठीतही बोलता येतं.

४. सप्ताहाचे नियम आपण निष्ठेने पाळतो. पण मनाच्या आजाराची औषधं चालू असतील तर उपासासाठी किंवा सोवळ्यासाठी ती बंद करू नयेत. डॉक्टरांना आधी विचारावं. उपास झेपत नसेल, जागरण सोसत नसेल, तर रोज थोडं वाचावं. आजारी भक्ताने औषध घेतलं म्हणून महाराज रागावतील, असं मला वाटत नाही. त्यांनी स्वतःच ब्राह्मणाला 'तुझ्यावर औषध आहे' म्हणून सांगितलं होतं.

५. बाधा म्हणून माणसाला कोंडणं, मारणं, उपाशी ठेवणं हे पाप आहे आणि आपल्या राज्यात २०१३ च्या कायद्याने भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण करणं गुन्हाही आहे.

६. सायंदेव व्हा. सायंदेव वैद्य नव्हता. त्याला भीतीही वाटली होती. तरी त्याने घराचं दार उघडलं आणि त्या माणसाला सर्वांबरोबर पानावर बसवलं. घरच्यांनी करायचं ते एवढंच. वेळेवर जेवण, वेळेवर गोळी, दवाखान्यात सोबत, आणि चारचौघांत मान.

आजही मी सप्ताहाला बसतो. नगारा वाजला की कधी कधी दचकतो, ही शेजारून हळूच हात दाबते आणि मी पुढची ओवी घेतो. पौर्णिमेला औदुंबरला गेलो की दर्शन झाल्यावर घाट उतरून खालच्या पायरीपर्यंत जातो. कोणी एकटं बराच वेळ बसलेलं दिसलं तर जवळ जाऊन विचारतो, "जेवलात का?" बहुतेक जण हसून "हो" म्हणतात. गेल्या इतक्या वर्षांत दोघांनी "नाही" म्हटलं. त्या दोघांना पंगतीत घेऊन गेलो, पुढे काय करायचं ते मला माहीत होतं.

महाराजांनी ही सेवा माझ्याकडून अशीच घडवून घ्यावी, एवढं मागणं मागतो.

॥ श्रीगुरुदेवदत्तार्पणमस्तु ॥