विहिरीवरची सुगरण : खालून आणि वरून



सुगरणीचा खोपा पाहिला नाही असे मूल आपल्या गावात सापडायचे नाही. ओढ्याच्या अलीकडे जुनी विहीर आहे. तिच्यावर ओणवलेल्या बाभळीला दर पावसाळ्यात खोपे लोंबतात. आमच्या सातवीच्या वर्गाने गेल्या आषाढापासून या बाभळीचा अभ्यास केला. अभ्यासाचे साधन म्हणजे फोटो. काही जमिनीवरून काढले, काही उंचावरून मिळवले. त्यांतले चार या लेखाच्या उजवीकडे चिकटवले आहेत. वाचता वाचता त्यांच्याकडे पाहावे, म्हणजे लिहिलेले नीट कळेल.

आधी या पाखराविषयी थोडे. आपण सगळे ‘सुगरण’ म्हणतो, बहिणाबाई चौधरींच्या कवितेतही सुगरणीचेच कौतुक आहे. पण खोपा बांधतो तो नर! पावसाळा जवळ आला की त्याचे डोके पिवळेधमक होते. मादी मात्र चिमणीसारखी मातकट, म्हणून ती पटकन ओळखू येत नाही. नर उसाच्या किंवा गवताच्या पात्याला कडेला चोच मारतो, पुढे उडतो आणि लांब दोरा फाडून आणतो. आधी फांदीला गाठ, मग कडे, मग टोपीसारखा अर्धा खोपा. इथे तो थांबतो. मादी येऊन आतबाहेर बघून जाते. तिला पसंत पडला तरच खाली लांब नळी उतरते, नाहीतर ती टोपी तशीच वाऱ्यावर हलत राहते. एक खोपा पुरा व्हायला नराच्या सुमारे ५०० फेऱ्या होतात. हा आकडा ध्यानात ठेवा, पुढे गणितात लागणार आहे.

आता फोटो क्र. १ पाहा. हा माझ्या मामाच्या कॅमेऱ्याने काढला आहे. मामा लग्नाचे फोटो काढतो. त्याच्याकडे लांबचे जवळ दिसणारी मोठी लेन्स आहे. तो पहिल्या दिवशी म्हणाला, “नवरा-नवरीला इकडं बघा म्हणता येतं, ह्या पाखराला काय म्हणायचं?” तेव्हा आजी म्हणाली, “पाखराला बोलावणं नसतं बाबा. त्याच्या येळंला आपुन जायचं.” आम्ही तसेच केले.

वेळ कोणती, हे बाभळीनेच सांगितले. आपल्याकडे पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो, म्हणून सुगरण बहुतेक खोपे झाडाच्या पूर्व अंगाला, आडोशाला बांधते. आमच्या बाभळीवरही तसेच आहे. म्हणजे सकाळी सूर्य पूर्वेला असताना आपणही पूर्वेकडे उभे राहिलो, तर ऊन आपल्या पाठीवर आणि खोप्यांवर समोरून पडते. गवताचा एकेक दोरा दिसतो. संध्याकाळी तेथूनच काढलेल्या फोटोत सगळे खोपे काळे दिसले, कारण ऊन त्यांच्या मागे गेले होते. कोणता कॅमेरा यापेक्षा ऊन कोठे आहे, याला महत्त्व जास्त.

दुसरी गोष्ट म्हणजे वेग. बसलेल्या पाखराचा फोटो सेकंदाच्या अडीचशेव्या भागात नीट येतो. पण पाते घेऊन येणाऱ्या नराचे पंख तेवढ्यात पुसट होतात. त्याला सेकंदाचा हजारावा भाग लागतो, म्हणजे कॅमेऱ्याची पापणी तेवढाच वेळ उघडायची. मग आत उजेड कमी जातो, म्हणून पुन्हा ऊन हवे. ढगाळ दिवशी आम्ही फोटो काढायचे सोडून नुसते बघत बसलो, आणि खरे सांगायचे तर जास्त शिकलो ते त्याच दिवशी.

आडोशाला आम्ही पाचटाची एक पेंढी उभी केली आणि तिच्यामागे दोघे-दोघे बसलो. विहिरीला कठडा नाही, त्यामुळे काठापासून लांबच. आपण आलो की नर काम थांबवतो आणि चिडून ओरडतो. तो पुन्हा विणायला लागला की समजावे, आपण योग्य अंतरावर आहोत. लागला नाही तर मागे सरकावे. खोपा मोकळा दिसावा म्हणून फांदी वाकवू नये, काटक्या तोडू नयेत, लखलखाट करणारा फ्लॅश मारू नये. मोबाईलवर पाखरांचा आवाज लावून त्यांना बोलावू नये. ती बिचारी खरेच येतात, आणि त्यांचे काम राहून जाते.

फोटोचा एक फायदा असा की मोजणी करता येते. झाडाखाली उभे राहून मोजले तर दर वेळी आकडा वेगळा येई. वाऱ्याने फांद्या हलतात आणि दहा जण दहा आकडे सांगतात. फोटो क्र. २ संपूर्ण झाडाचा आहे. त्यावर पेन्सिलीने टिंबे देत मोजले, तर २८ खोपे भरले. नळी पुरी उतरलेले ११, बाकी टोप्या.

इथपर्यंत जमिनीवरून. आता वरून.

वरून फोटो काढायची हौस माणसाला फार जुनी आहे. १८५८ साली नादार नावाच्या फ्रेंच छायाचित्रकाराने पॅरिसजवळ फुग्यातून पहिला फोटो काढला. तो आज उपलब्ध नाही. १८६० साली अमेरिकेतील बोस्टन शहराचा फुग्यातून काढलेला फोटो मात्र आजही पाहायला मिळतो. पण मला सगळ्यांत आवडली ती जर्मनीतल्या युलिउस नॉयब्रोनरची हकीकत. हा औषधे विकणारा गृहस्थ. औषधांची ने-आण करायला त्याने कबुतरे पाळली होती. त्याने कबुतराच्या छातीला बांधता येईल असा चिमुकला कॅमेरा बनवला, तो ठरावीक वेळाने आपोआप फोटो काढी. १९०८ साली त्याला त्याचे पेटंट मिळाले. कबुतर फार तर ७५ ग्रॅम वजन नेऊ शके, म्हणजे दोन अंड्यांपेक्षाही कमी! त्यांतल्या एका फोटोत खाली मोठा वाडा आणि झाडे दिसतात आणि दोन्ही कडांना कबुतराच्या पंखांची टोके आली आहेत. गाव आणि पाखरू एकाच फोटोत.

आता हे काम ड्रोन करतो. मामाकडे आहे. साहजिकच सगळा वर्ग त्याच्या मागे लागला, “उडवा ना, उडवा ना.” मामाने नाही म्हटले, आणि त्याची दोन कारणे सांगितली. एक कारण कायद्याचे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी देशाच्या नकाशाला लाल, पिवळा, हिरवा असे रंग दिले आहेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत ड्रोन उडवता येतो, पिवळ्यात आणि लाल भागात परवानगी लागते. आमचे गाव पुण्याच्या पूर्वेला, मुळा-मुठेच्या काठी. लोहगावचा विमानतळ फार लांब नाही आणि तो हवाई दलाचा तळही आहे. तेव्हा वाटले म्हणून उडवले, असे येथे चालत नाही.

दुसरे कारण आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. हिवाळ्यात नदीच्या उथळ पाण्यात शेकाटे असतात, थापट्या बदके असतात, आणि हिमालयापलीकडून आलेले चक्रवाक, ज्यांना आपल्याकडे ब्राह्मणी बदक म्हणतात, तेही असतात. लग्नाआधीचे फोटो काढायला शहरातून आलेल्या कोणीतरी त्यांच्यावर ड्रोन नेला. वरून येणारी वस्तू म्हणजे पाखरांच्या हिशेबाने शिकारी पक्षी. सगळा थवा एकदम उठला, दोन घिरट्या घालून खालच्या वळणाला निघून गेला. एवढ्या लांबून आलेल्या पाहुण्याला जेवणाच्या पानावरून उठवावे, तसा तो प्रकार झाला. खोप्यात पिल्ले असताना तर ड्रोन जवळ नेण्याचा विचारसुद्धा नको.

पतंगाला कॅमेरा बांधावा अशी एकाने सूचना केली. पतंगावरून फोटो काढणारे लोक शंभर वर्षांपूर्वीही होते. पण मांज्यात अडकलेली घार आम्ही पाहिलेली आहे. नायलॉन मांज्यावर २०१७ सालापासून देशभर बंदी आहे, तरी तो झाडांवर लोंबताना दिसतोच. सूचना मागे पडली.

मग उरले दोन मार्ग, आणि दोन्ही फुकट. पहिला उपग्रहाचा. पाचशे-सहाशे किलोमीटर उंचीवरून उपग्रह सतत पृथ्वीचे फोटो घेतात. आपल्या इस्रोचे ‘भुवन’ २००९ पासून आहे आणि गूगल अर्थवर त्याच जागेचे जुन्या वर्षांचे फोटोही उघडता येतात. गुरुजींनी शाळेच्या संगणकावर २०११ चा आणि अलीकडचा असे दोन फोटो काढून दिले. दोन्ही सारख्याच मापात छापून क्र. ३ मध्ये शेजारी शेजारी लावले आहेत. यात पाखरू दिसत नाही, खोपा दिसत नाही, बाभूळ म्हणजे एक हिरवा ठिपका. आधी आम्ही हिरमुसलो. पण गुरुजी म्हणाले, पाखरू दिसत नसेल तर त्याचे गाव बघा.

शाळेची इमारत आम्ही टेपने मोजली, लांबी ३६ मीटर. फोटोत तीच १.८ सेंटिमीटर. म्हणजे फोटोतला १ सेंटिमीटर जमिनीवर २० मीटर. आता विहिरीपासून सर्वांत जवळचा उसाचा फड पाहा. २०११ मध्ये तो दीड सेंटिमीटरवर आहे, म्हणजे ३० मीटर. अलीकडच्या फोटोत १३ सेंटिमीटरवर, म्हणजे २६० मीटर. मधली जागा आता पत्र्यांनी आणि सिमेंटच्या रस्त्यांनी भरली आहे.

वरच्या ५०० फेऱ्या आठवा. ३० मीटर जाऊन येऊन ६० मीटर, पाचशे वेळा केले की ३० किलोमीटर. आणि २६० मीटरचे जाऊन येऊन ५२० मीटर, पाचशे वेळा म्हणजे २६० किलोमीटर. एका खोप्यासाठी! एस. टी. पुण्याहून सोलापूरला जाते तेवढे हे अंतर. हा हिशेब अर्थात जास्तीत जास्त आहे. बांधावरचे उंच गवत जवळ असेल तर नर तेथूनच पाते आणतो. पण फोटोत बांधही कमी झालेले दिसतात. खालून पाहताना आम्ही खोप्याची वीण बघत होतो. त्याचे सूत किती लांबून येते, हे वरून पाहिल्यावर कळले.

दुसरा मार्ग पाण्याच्या टाकीचा. ग्रामपंचायतीला विचारून मामा एकटाच वर चढला, आम्ही खाली थांबलो. तो फोटो क्र. ४. याच्याकडे जरा वेळ पाहा. विहिरीच्या रानात चुन्याची फक्की मारून प्लॉट आखलेले आहेत, हे आम्हांला माहीत होते. येता-जाता आम्ही त्या पांढऱ्या रेघा ओलांडत होतो. खालून त्या नुसत्या रेघा दिसत. वरून पाहिले तर त्यांतल्या दोन रेघा मिळून सरळ रस्ता होतो, आणि तो रस्ता विहिरीवरून आणि बाभळीवरून जातो.

ज्यांचे ते रान आहे ते दोघे भाऊ याच शाळेत शिकले आहेत. त्यांना लागणारा पैसा, मुलींची शिक्षणे, पाण्याची ओढ, या गोष्टी आम्हांला घरी ऐकून माहीत आहेत. रान विकू नका असे आम्ही म्हणालो नाही, आणि तसे म्हणणे मला पटतही नाही. गुरुजी आणि आम्ही चौघे फोटो क्र. ३ आणि ४ घेऊन त्यांच्या ओट्यावर गेलो. थोरल्यांनी बराच वेळ फोटो हातात धरला. आधी आपले घर शोधले, मग गोठा शोधला. मग म्हणाले, “हिरीवरनंच गेलाय की रस्ता. कागदावर समजलं न्हाई.” धाकटे म्हणाले, रस्ता ओढ्याच्या बांधाकडे सरकवला तर एक प्लॉट लहान होतो, तेवढे मोजणीवाल्याला विचारून बघतो. बुजवायची ठरली तर कठड्याविना उघडी विहीर मुलांना धोक्याची, हेही ते म्हणाले, आणि ते बरोबरच आहे. त्यावर गुरुजींनी जाळीचा खर्च किती येईल याची चौकशी करण्याचे कबूल केले आहे.

मोजणी अजून व्हायची आहे. जुने वाळके खोपे बाभळीवर आहेत, ते कोणी काढून घरी नेऊ नयेत. ज्येष्ठ लागला की पिवळ्या डोक्याचे नर येऊ लागतील. पहिली गाठ कोणत्या दिवशी पडते हे ज्याला दिसेल त्याने तारीख वर्गात येऊन सांगावी. फोटो क्र. ५ साठी खालच्या कोपऱ्यात जागा मोकळी सोडली आहे, तेथे कृपया दुसरे काही चिकटवू नये.