पंखांचे मोजमाप करणारा ओटो लिलिएन्थाल

विमानाचा शोध कोणी लावला असे विचारले की आपण लगेच 'राईट बंधूंनी' असे उत्तर देतो. परंतु त्या दोघा भावांनी कामाला सुरुवात केली, तेव्हा त्यांच्यापुढे एका जर्मन अभियंत्याची कोष्टके होती. तो अभियंता म्हणजे ओटो लिलिएन्थाल. उडायचे तर आधी हवेचे बल मोजले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता.

ओटोचा जन्म २३ मे १८४८ रोजी प्रशियातील आंक्लाम या गावी झाला. त्याला व त्याचा धाकटा भाऊ गुस्ताव्ह याला पक्षी न्याहाळण्याचा नाद होता. करकोच्यासारखा जड पक्षी पंख न हलवता हवेत कसा तरंगतो, हे कोडे त्यांना सुटेना. ओटो पुढे अभियंता झाला, त्याने बर्लिनमध्ये कारखाना काढला. पण हे कोडे त्याने सोडले नाही.

त्याने उभ्या खांबाभोवती फिरणारा एक आडवा दांडा तयार केला. दांड्याच्या टोकांना पंखांचे नमुने लावून तो फिरवायचा आणि नमुन्यांवर किती बल पडते ते मोजायचे, अशी ही योजना. पंखाचा कोन बदलून अशी असंख्य मापे घेण्यात आली. त्यांतून दिसले, की सपाट पंखापेक्षा किंचित बाक असलेला पंख त्याच वेगाला कितीतरी अधिक वर उचलला जातो. याचे कारण तुम्हाला न्यूटनच्या तिसऱ्या नियमात सापडेल. बाकदार पंख हवेला सुरळीतपणे खाली वळवतो. हवा त्याच्या उलट दिशेने पंखाला वर ढकलते. वर उचलणाऱ्या या बलाला उद्धरण बल म्हणतात. ही सारी मापे ओटोने १८८९ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली.

आता एक गणित करू. त्याच्या नेहमीच्या ग्लायडरच्या पंखांचे क्षेत्रफळ सुमारे १३ चौरस मीटर आणि वस्तुमान सुमारे २० किलोग्रॅम होते. माणसाचे ८० किलोग्रॅम धरा. एकूण वजन १०० × ९.८ = ९८० न्यूटन. म्हणजे पंखाच्या प्रत्येक चौरस मीटरने सुमारे ७५ न्यूटन भार पेलला पाहिजे. सेकंदाला १२ मीटर वेगाच्या वाऱ्याचा दाब १/२ × घनता × वेगाचा वर्ग, म्हणजे १/२ × १.२ × १४४ = सुमारे ८६ न्यूटन दर चौरस मीटर येतो. म्हणजे चांगला बाकदार पंख असेल, तर समोरच्या वाऱ्यात उतारावरून धावत जाऊन माणूस हवेत तरंगू शकतो!

१८९१ मध्ये डेर्वित्स गावाजवळ ओटो सुमारे २५ मीटर तरंगत गेला. १८९४ मध्ये त्याने बर्लिनजवळ लिख्टरफेल्ड येथे १५ मीटर उंचीची टेकडीच रचून घेतली. पुढे र्‍हिनोच्या टेकड्यांवरून त्याने २५० मीटरपर्यंत मजल मारली. एकूण उड्डाणे सुमारे २००० झाली.

मग अडले कुठे? हातांच्या आधाराने लोंबकळत, शरीर पुढेमागे वा बाजूला झुकवून तो ग्लायडर सांभाळी. त्यामुळे गुरुत्वमध्य सरकतो आणि तोल सावरता येतो. परंतु परिबल म्हणजे बल गुणिले अंतर. शरीर सरकणार ते थोडेसेच. त्यातून मिळणारे परिबलही मर्यादितच. ९ ऑगस्ट १८९६ रोजी ग्लायडरचे नाक वर उचलले गेले, वेग संपला, पंखांचे उद्धरण बल एकाएकी घटले. ओटोने शरीर पुढे झोकले, पण नाक वेळेवर खाली आले नाही. सुमारे १५ मीटर उंचीवरून तो कोसळला आणि दुसऱ्या दिवशी बर्लिनमध्ये मरण पावला.

या मृत्यूच्या बातमीने अमेरिकेतील राईट बंधूंचे कुतूहल जागे झाले. विल्बर राईटने नंतर हिशेब मांडला, की पाच वर्षांच्या खटपटीत ओटो प्रत्यक्ष हवेत राहिला तो सुमारे पाच तासच. तोल सांभाळण्याचा एवढाच सराव! म्हणून या भावांनी शरीर झुकवण्याऐवजी पंखांची टोके पिळून वाऱ्याच्याच बलाने तोल सांभाळण्याची युक्ती काढली.

१९०१ मध्ये त्यांच्या ग्लायडरला हिशेबापेक्षा खूपच कमी उद्धरण बल मिळाले. चूक ओटोच्या कोष्टकाची असावी, अशी शंका त्यांना आली. ती मनात न ठेवता त्यांनी वातबोगदा बांधला आणि सुमारे २०० पंखांचे नमुने तपासले. ओटोची मापे त्याच्या पंखापुरती बरीचशी बरोबर निघाली. हवेच्या दाबाचा जो जुना गुणांक सारेच जण अठराव्या शतकापासून वापरत आले होते, तो मात्र सुमारे दीडपट मोठा होता. १७ डिसेंबर १९०३ रोजी त्यांचे इंजिन लावलेले विमान उडाले, ते स्वतः घेतलेल्या मापांच्या बळावर.

करून पाहा : कागदी विमानाच्या नाकाला एक क्लिप लावा. एकाच उंचीवरून, सारख्या जोराने दहा वेळा फेका. प्रत्येक अंतर मोजून सरासरी काढा. मग क्लिप एक-एक सेंटिमीटर मागे सरकवून पुन्हा मोजा. कोणत्या जागी विमान नाक वर करून कोसळते? अंतरे वहीत लिहा. वर्गातील दुसऱ्या गटाची मापे वेगळी आली तर वाद घालू नका. दोघांनी मिळून पुन्हा मोजा.